एस्तेरआजींचा प्याला

प्रिय आई, मालावीहून अमृतचा सलाम.

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे? भोरला दवाखान्यात शेजारच्या नलूला बरोबर ने.

इथल्या एस्तेरआजींना उद्या प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायचाय. त्यांचा बाप्तिस्मा लहानपणी दुसऱ्या चर्चमध्ये, पाणी शिंपडून झाला. आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत बुडवून बाप्तिस्मा घेतल्याशिवाय प्याला देत नाहीत. इथला पाळक म्हणून हे मीच शिकवलं.

तुझाही शिंपडूनच झालाय. मी बाप्तिस्मा घेऊन नीरा नदीतून भिजून वर आलो, तेव्हा टॉवेल देत तू म्हणालीस, "म्या न्हाई बुडायची, लेका. देव मला कवाच वळखतो."

सकाळपासून शास्त्र चाळतोय. नियम खोटा वाटत नाही. पण तू समोर बसली असतीस, तर प्याला तुझ्यापुढून तसाच नेला असता का मी?

उद्या आजींना देईन. मंडळीला काय सांगायचं, ते मात्र सुचत नाही. प्रार्थनेत आठवण ठेव.

तुझा,
अमृत