परदेशीपुऱ्याच्या तिकोना बागेत हिरवळ शून्य टक्के निघाल्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधिकारी,
नगरोद्यान मापन कक्ष, इंदूर.

विषय: तिकोना बागेची पाहणी पुन्हा करणे.
संदर्भ: बागेच्या फाटकावर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

आपण मराठी आहात असे कळले, म्हणून मराठीत लिहितो. हिंदी प्रत जोडली आहे. तीही न वाचण्याची आपणांस मुभा आहे.

१. नोटिशीनुसार बागेत हिरवळ शून्य टक्के असून सोमवारी झाडे काढून तेथे पार्किंग होणार आहे. मी भंवरकुआंच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो. इतके धाडसी शून्य मी नापासांच्या पेपरांतही पाहिले नाही.

२. पद्धत चांगली आहे. लोखंडी चौकट जागा न निवडता बागभर टाकायची, दर वेळी आत गवत किती ते पाहायचे आणि त्यावरून सगळ्या बागेचा अंदाज बांधायचा. पाहणीला आलेले आपले कर्मचारी श्री. रजत यांनी मात्र ती फाटकाजवळच्या पोह्यांच्या ठेल्यापाशी उभे राहूनच फेकली. तिथे गाड्या लागतात. गवत उगवणार कुठून? आत चला म्हटले, तर म्हणाले, "काकाजी, आत कीचड आहे. सँपल तर सँपलच ना, कुठूनही घ्या!" आणि यावर आपण सही केलीत. उंटावरून शेळ्या हाकतात ते ऐकले होते. इथे उंटसुद्धा ठेल्यापाशीच बसलेला.

३. हीच रीत मी आपल्या टेबलावर लावून पाहिली. आपण बाहेर गेला असता दारातूनच, चौकटीऐवजी पत्नीची बांगडी फेकली. दर खेपेस ती अलीकडच्या काठावरच्या जिलेबीच्या कागदावर पडली. शिपाई विष्णू साक्षीला आहे. निष्कर्ष: टेबलावर फायली शून्य. सबब ते हलवायाला देऊन टाकावे.

४. थट्टा पुरे. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर माझी पत्नी उषा याच बागेत पुन्हा चालायला शिकली, एका झाडाला हात टेकून दुसऱ्या झाडापर्यंत. रस्त्यावर तिला चालवत नाही. आपल्या आळसापायी ती झाडे जाणार याचा मला संताप येतो, आणि भीतीही वाटते. संध्याकाळी तिला कुठे नेऊ, ते सुचत नाही.

५. तरी चौकट बागभर टाकून पाहणी पुन्हा करावी. मी केली, हिरवळ अर्ध्याहून जास्त निघाली. चिखलासाठी माझे गमबूट घेऊन जावेत. तोवर तोड थांबवावी. थांबणार नसल्यास सोमवारी सकाळी उषा पहिल्याच झाडाला टेकून उभी असेल. मशीन वेळेवर पाठवावे, तिला फार वेळ उभे राहवत नाही.

आपला, अजून तरी नम्र,
वासुदेव मुळ्ये
इंदूर, शुक्रवार, दि. २२ ऑगस्ट २०२५