हळदीच्या यार्डातला उघडा लिलाव

अण्णा, गेल्या महिन्यात मी मॉन्ट्रियलला एका सुनावणीत बोलले, तेही फ्रेंचमध्ये. तुम्ही असतात तर आधी विषय विचारला असतात, आणि मी "बाजार समिती" म्हटल्यावर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिला असतात. इथल्या भाजी पिकवणाऱ्यांचंही एक मंडळ आहे. सगळ्यांचा कोबी, गाजर त्याच्यामार्फतच विकायचं, असा नियम. तो सुधारायचा की मोडायचा, यावर वाद चालला होता. मंडळाच्या लिलावाचं सॉफ्टवेअर आमच्या टीमने केलेलं, म्हणून मला बोलावलं. घरून, ब्रॉसार्डहून निघताना तुमची नात म्हणाली, "आई, जस्ट डोन्ट क्राय, ओके?" रडायचा प्रश्नच नव्हता. काय बोलायचं ते मला पक्कं माहीत होतं, कारण ते मी तुमच्या यार्डात पाहिलेलं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, सुट्टीत घरी आलेले. तुम्ही समितीचे सचिव. हळदीचे व्यापारी अडत्याच्या हातावर रुमाल टाकायचे आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याची हळद, तो बाजूला उभा राहून नुसता रुमालाकडे बघायचा. तुम्ही ते बंद केलंत. बोली मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. झालं, व्यापाऱ्यांनी यार्डात पाऊल टाकणंच सोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई भाकरी थापतेय, तुम्ही जेवताय, आणि मी ऐटीत म्हणते, "समिती बरखास्तच करा ना, अण्णा. शेतकरी कुठेही विकेल." तुम्ही मान वर न करता म्हणता, "कुठेही म्हणजे कुठे? गावाचं नाव सांग." मी ताटातली भाकरी मोडत बसते. "उद्या यार्डात ये. तिथे उभी राहा, मग बोल." मला भयंकर राग आला होता. पण आले.

पोत्यांच्या थप्प्या तशाच पडलेल्या. एक म्हातारी आपल्या पोत्यांना टेकून बसली होती. तुम्हाला बघून म्हणाली, "साहेब, रुमालाखाली का होईना, भाव मिळत होता. आता कुणी विचारंना." मला वाटलं, आता तुम्ही नरमणार. तुम्ही म्हणालात, "मावशी, तुमचं खरं आहे. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या." आणि स्कूटर काढून शेजारच्या तालुक्याला गेलात. चार वाजता तिकडचे दोन व्यापारी आले, तुमच्या मागोमाग. त्यांनी पहिली बोली दिली तेव्हा आपल्या गावचे व्यापारी फाटकापाशी उभे राहून ऐकत होते. तिसऱ्या थप्पीला त्यांच्यातला एकजण न राहवून आत आला आणि वरची बोली बोलला. त्या म्हातारीने आपल्या हळदीचा भाव पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकला. तो आकडा ती पुटपुटत राहिली, विसरू नये म्हणून.

इथे सगळ्यांच्या बोल्या उघड दाखवणाऱ्या आमच्या स्क्रीनची पहिली चाचणी झाली तेव्हा मोठ्या खरेदीदारांनी एकही बोली लावली नाही. एक शेतकरी बाई, वयाने माझ्याएवढीच, मला म्हणाली, "मादाम, तुमचा स्क्रीन सुंदर आहे. पण माझा कोबी कोण घेणार?" मी म्हटलं, "तुमचं खरं आहे, मला दुपारपर्यंत वेळ द्या." शेजारच्या प्रांतात, व्हॉनला भाजीची गोदामं असलेल्या दोघांना फोन लावले, लिलाव कसा चालतो ते समजावलं, फोनवर असतानाच लॉगिन करून दिलं. दोन बोल्या दिसल्या आणि तासाभरात बाकीचेही आले. सुनावणीत मी हेच सांगितलं. मंडळ मोडू नका. ज्याला थोडा माल बाहेर विकायचाय त्याला विकू द्या, पण त्याचाही भाव सगळ्यांना दिसला पाहिजे. परवा निर्णय आला. तसंच ठरलंय. मी चांगलं काम केलंय, अण्णा, हे सांगायला मला आता संकोच वाटत नाही.

एकच सांगायचं राहिलं. भाषणाच्या शेवटी मी म्हणाले, "माझे वडील म्हणायचे, जो भाव मोठ्याने सांगता येत नाही, तो भाव नव्हे." ती कोबीवाली बाई ते लिहून घेत होती. निर्णयाच्या कागदातही ते छापलंय, 'एका साक्षीदाराचे वडील' म्हणून. तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. ते मी जाताना मेट्रोत बसून रचलं. माझं म्हणून सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं की नाही, कोण जाणे. हे पत्र मी तुमच्या नातीलाही दाखवणार नाही. तिने ते वाक्य तुमचं म्हणून पाठ केलंय.