दोनशे लिटर समुद्रात ऐंशी गोगलगायी

सोलापूर, सात रस्त्याच्या मागचं घर
एप्रिलचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप दादा यांस,

बाळासोचा लांबूनच नमस्कार (जवळून केला तर पाय मागं घ्याल म्हणून). तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? ती काळी मेंढी व्याली का, आणि काय झालं, नर का मादी? आमच्याकडं सगळं क्षेम आहे. सुकन्या बरी आहे, माझं ब्लडप्रेशर बरं आहे आणि काचेची टाकी तर अगदी उत्तम आहे. पत्र लिहायचं कारण तुमचा फोन. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपासून तो वहिनीच उचलतात आणि "रानात गेल्यात" म्हणून सांगतात. सकाळी रानात, दुपारी रानात, परवा तर मागं तुम्ही चहा मागत होता ते मला ऐकू आलं, तरी तुम्ही रानातच होता. (फुलावहिनी, हे पत्र तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवणार हे मला माहीत आहे, दादांचा चष्मा कधी जागेवर असतो? तेव्हा एवढी ओळ गाळा.)

टाकीचं जरा मागचं सांगतो. शाळेतून रिटायर झालो तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरात मासे पाळा आणि बघत बसा, प्रेशर उतरतं. साधे मासे घेतले असते तर उतरलंही असतं. पण तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेल्या माणसाला साधं काही चालतंय होय? मी समुद्रातले घेतले. दोनशे लिटर पाणी, त्यात मोजून घातलेलं खास मीठ, तळाला दगड, दगडांवर जिवंत पोवळी (अंगठीतली नव्हेत, ही मऊ असतात आणि फुलासारखी उघडतात) आणि नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी. नळ येतो त्या दिवशी सुकन्या घागरी भरते आणि मी समुद्र भरतो. तिचं म्हणणं, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझ्या आमटीतल्या मिठाची एवढी काळजी कधी केली नाहीत. मी त्यावर आमटीची वाटी पुढं केली, कारण जेवायचं होतं.

तर महिन्याभरात दगडांवर शेवाळ धरलं. त्यावर उपाय म्हणून टाकीत सफाईवाली मंडळी सोडतात, म्हणजे शेवाळ चरणाऱ्या गोगलगायी आणि उरलंसुरलं वेचणारे, शंखात राहणारे बारके खेकडे. प्रश्न एवढाच की किती सोडायच्या. इथले मासेवाले रेवणप्पा म्हणाले, "सर, आठ-धा सोडा की, मग बघू." मला रागच आला. मग बघू, हे काय उत्तर झालं? परीक्षेत असं कुणी लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता. मी इंटरनेटवर बसून रीतसर कोष्टक शोधलं (ते गोगलगायी विकणाऱ्याचंच होतं, हे पुढं लक्षात आलं). पाच लिटरला दोन गोगलगायी, म्हणजे दोनशे लिटरला ऐंशी. दहा लिटरला एक खेकडा, म्हणजे वीस. त्रैराशिक इतकं सुरेख सुटलं की मी वहीत ते दोनदा मांडलं. चेन्नईहून पार्सल आलं, पिशव्या उघडल्या, सुकन्या "अगं बाई" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

तुम्ही गड्ड्याला आलात तो त्यानंतरचा आठवा दिवस. शाळेतले माझे चार सहकारी टाकी बघायला म्हणून चहाला आले होते, मी त्यांना कोष्टक समजावत होतो आणि दगड तर घासूनपुसून ठेवल्यासारखे लख्ख. तुम्ही भाकरीचं गाठोडं कोपऱ्यात ठेवलंत, टाकीपुढं उकिडवे बसलात, बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "बाळू, रान संपलं की रं. लई झाल्यात ह्या. उद्या खातील काय?" सगळे हसले. (आता वाटतं, ते मला हसले. तेव्हा वाटलं, तुम्हाला.) मी म्हणालो, दादा, ही मेंढरं न्हाईत, ह्याला सायन्स लागतं. मग तळाला एक गोगलगाय उताणी पडलेली तुम्हाला दिसली. तुम्ही बाही वर सारलीत आणि पाण्यात हात घालून तिला सुलटी केलीत, गाभण मेंढी उताणी पडली की करता तशी. आणि मी चारचौघांत ओरडलो, "हात काढा, पाणी घाण होईल!" तुम्ही हात काढलात, धोतराला पुसलात, पुढची एसटी धरून गावाकडं मंद्रूपला गेलात. गाठोडं राहिलं तिथंच. (वहिनी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही खाल्ली, खोटं कशाला बोलू. चटणी झकास होती.)

पुढचं ऐका. तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवसापासून गोगलगायी काच चढून बाहेर यायला लागल्या. एक टीव्हीमागं सापडली, एक माझ्या चपलेत, तीही पाय घातल्यावर. आत होत्या त्या उपाशी मरायला लागल्या, मेलेल्या कुजल्या, पाण्याला वास सुटला, मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले आणि पोवळी मिटली ती मिटलीच. खेकड्यांनी वेगळाच धंदा काढला. जिवंत गोगलगायी मारून त्यांचे शंख अंगावर चढवायचे आणि नव्या कोटात फिरायचं. साफसफाईला आणलेल्या मंडळींनी टाकीचा पार उकिरडा केला. शेवटी मी वाळलेल्या शेवाळाची पाकिटं मागवली. म्हणजे आधी शेवाळ खायला गोगलगायी विकत आणल्या आणि मग गोगलगायींना खायला शेवाळ विकत आणलं. हे वाक्य माझं नव्हे, सुकन्याचं आहे, आणि ते आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. प्रेशरचं विचारू नका.

दादा, उताणी पडलेली गोगलगाय बऱ्याचदा आपली आपण सुलटी होत नाही, तशीच पडून मरते. हे मी तुम्ही गेल्यावर आठ दिवसांनी वाचलं. तेव्हापासून रोज सकाळी बाही सारून मीच हात घालतो आणि दर वेळी तुमचं ते धोतराला हात पुसणं डोळ्यांपुढं येतं. लई वाईट वाटतं. लेंडीखतासाठी मेंढरं कुणाच्या रानात बसवायची असली की तुम्ही आदल्या दिवशी एकटे जाऊन ते रान चालून यायचा. शेतकरी म्हणायचा, पाच एकर हाय, सगळा कळप आणा. तुम्ही एकरं कानावरच घ्यायचा नाही. वाकून गवत चाचपायचा आणि साठातली पंचवीसच न्यायचा. मी तिथंच बांधावर बसलेलो असायचो, पुस्तकात डोकं घालून, कारण माझ्या वाटणीची मेंढरंसुद्धा तुम्हीच राखत होता. त्या पुस्तकांच्या जोरावर मी तीस वर्षं फळ्यावर अन्नसाखळी काढली आणि घरात ऐंशी तोंडं आणताना लिटरं मोजत बसलो.

असो. रेवणप्पांनी तीस गोगलगायी आपल्या दुकानातल्या टाकीत नेल्या. नेताना त्यांच्या भुवया फार बोलल्या. माझ्याकडं आता चौदा गोगलगायी आणि सहा खेकडे आहेत. बाकी सगळं ठीक. उन्हाचं मेंढरं घेऊन लांब जाऊ नका, टोपी घाला. वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा,
बाळासो

ता. क. सुकन्यानं पत्र वाचलं आणि विचारलं, "एवढी पानं भरलीत, ह्यात 'चुकलो' कुठं लिहिलंय?" मी वरपासून खालपर्यंत शोधलं. नाही सापडलं. दादा, मी चुकलो. ज्या हातानं मला बोटाला धरून शाळेत नेलं, त्याच हाताला मी घाण म्हणालो. तेव्हापासून घास गोड लागत नाही. (वजन दोन किलोनं वाढलंय असं सुकन्या मागून सांगते आहे. तिच्याकडं लक्ष देऊ नका.)

आणखी एक. टाकी उत्तम आहे असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, ते धादांत खोटं. एक पोवळं अजून मिटलेलं आहे. चौदा ठेवायच्या की आठ, मला काही कळत नाही, आणि कोष्टक मी फाडून टाकलं. तुम्ही या आणि एकदा रान बघून जा. चटणी संपली आहे.

आणि शेवटचं. टाकीपुढं पाट मांडून ठेवलाय. बाही सारून पाण्यात हात तुम्हीच घालायचा, पाहिजे तेवढा वेळ. पण काढल्यावर धोतराला पुसायचा नाही, शेजारी मी टॉवेल घेऊन उभा असेन. (फुलावहिनी, ही ओळ गाळू नका. दोनदा वाचा.)