कंपनीचा रंग

२ मार्च

पोचलो एकदाचा! ही वही सरकारांनी, म्हणजे आमच्या बायकोने, बॅगेत कोंबली. रोज लिहायचं असा हुकूम आहे. तर लिहितो बापडा.

भंगाराचं यार्ड आहे. जुन्या मोटारी येतात, प्रेसच्या खड्ड्यात पडतात आणि ट्रंकेएवढे चौकोनी गठ्ठे होऊन बाहेर निघतात. प्रेस चालवायची मी. उंचावर काचेची केबिन, गादीची खुर्ची, हाताशी दांडा. सासरेबुवा विचारायचे, जावई परदेशात जाऊन काय दिवे लावणार? बघा म्हणावं आता. मुकादम आपल्याच भाषेचा निघाला, तिथेच जीव भांड्यात पडला. खोलीत मी, वेल्डर आणि क्रेनवाला. वेल्डर घोरतो भयंकर, पण माणूस सोन्यासारखा. खिडकीजवळची स्वतःची खाट त्याने मला देऊन टाकली.

५ मार्च

इथल्या कामगार खात्याचं एक ॲप आहे. कंपनीचा नंबर टाकला की तिचा रंग दिसतो. नियमाने चालणारी कंपनी हिरवी. परदेशी माणसं ठरल्यापेक्षा जास्त भरली असतील तर पिवळी. बायकोला आणायची परवानगी फक्त हिरव्या कंपनीतल्या माणसाला. मोठ्या हौसेने नंबर टाकला, तर आमची पिवळी! दोन माणसं जास्त आहेत म्हणे. हात्तिच्या! लवकर आणतो म्हणून तिला शब्द देऊन आलोय आणि तिकडे तिने राजीनामासुद्धा लिहून ठेवलाय.

चहाच्या सुट्टीत मालकांना दाखवलं, मुकादमाने मध्ये राहून भाषांतर केलं. मालक म्हणाले, एखाद्याला रीतसर घरी पाठवायचं तर थकलेला पगार, तिकीट, सह्या, वर्ष निघून जाईल. तो पळून गेला अशी तक्रार केली तर मात्र त्याच दिवशी नाव कटतं. मी आपलं गमतीत म्हटलं, मग पळवा की दोघांना! मुकादमाने तेही सांगितलं. मालक इतके हसले की चहा सांडला. माझ्या पाठीवर थाप मारून गेले. माणूस दिलदार वाटतो.

१२ मार्च

क्रेनवाला पळाला म्हणे. मुकादमाने सकाळी सांगितलं. मी पहिल्यांदा काय केलं, तर ॲप उघडलं. आता एकच माणूस जास्त. आनंद झाला मला, लिहायला लाज वाटते, पण झाला.

मग वेल्डरने त्याच्या खाटेखाली बोट दाखवलं. बूट तिथेच. रोजच्या गोळ्या तिथेच, मुलीचा फोटो तिथेच. पळणारा माणूस अनवाणी पळतो होय?

१३ मार्च

परवाचे गठ्ठे रचत होतो. एकातून काळपट काहीतरी ठिबकत होतं. तेल असेल म्हणून बोट लावलं. तेल नव्हतं. पत्र्याच्या घडीत माणसाचा जबडा अडकला होता, दातांसकट.

तो गठ्ठा मी दाबला होता. परवा संध्याकाळी, गाणं गुणगुणत. मुकादमाने भरलेली मोटार होती, आत काय आहे ते मी कशाला बघतोय!

तसाच खोलीवर धावलो. वेल्डरला सांगितलं. तो म्हणाला, सकाळी दोघं मिळून पोलिसांत जाऊ.

१४ मार्च

डाव्या हाताने लिहितोय.

फाटकापाशीच मुकादमाने गाठलं. हातात सळई. वेल्डरच्या डोक्यात घातली, भरदिवसा. एकदा, परत, परत. तो पडल्यावरही मारतच राहिला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. पाय धरून फरफटत नेलं आणि खड्ड्यात टाकलं.

मला केबिनमध्ये ढकलून म्हणाला, ओढ दांडा. मी नाही म्हटलं. माझी बोटं चौकटीत धरून दार आपटलं त्याने. मग तोच फुटलेला हात दांड्यावर ठेवला, वर स्वतःचा पंजा, आणि ओढला.

वेल्डर हलत होता. वर बघत होता. माझ्याकडे —

१५ मार्च

हिरवी झाली. मालकांनी स्वतःच्या फोनवर आणून दाखवली. माझा फोन, पासपोर्ट त्यांच्याकडे. केबिनला आता बाहेरून कुलूप. प्रेस चालवणारा दुसरा कुणी नाही, म्हणून मी जिवंत आहे.

१९ मार्च

मुकादमाने बायकोला फोन लावला. सळई माझ्या मानेवर. बायको इथे असली की तू तोंड उघडणार नाहीस, म्हणाला. मग तिच्याशी गोड गोड, वहिनी, वहिनी करत — परवानगी आली, तिकीट मालक देतायत. ती रडायलाच लागली आनंदाने. विचारत होती, अहो, तुम्ही का गप्प?

ये, म्हणालो.

मी म्हणालो ये. जीभ का नाही झडली माझी —

२७ मार्च

आज उतरली ती. अजून भेटू दिलं नाही.

खाली मालक मुकादमावर ओरडतायत. का, ते मुकादमच मघाशी वर येऊन चरफडत सांगून गेला: कुटुंबाच्या परवान्याची फी वाचवायला त्याने तिला माझं कुटुंब म्हणून नाही, कामगार म्हणून दाखवलं. स्वयंपाकीण. विमानतळावर शिक्का बसला आणि रंग — पिवळा. एक माणूस जास्त.

मालक बोलता बोलता थांबले. प्रेसकडे बघितलं.

दुपार

मुकादम आणतोय तिला. यार्ड दाखवतोय. खड्ड्याच्या बाजूने. ती पुढे, तो मागे — पाठीशी लपवलेली सळई —

मला बघितलं तिने. हात हलवतेय. काच फुटत नाही. खाली कटर चालू, हाका जात नाहीत. पानावर मोठं लिहून काचेला लावतो —

अगं पळ

हसतेय. वाचता येत नाहीये इतक्या लांबून. डोळे बारीक करून —

मागे बघ

नको — वाचायला पुढे येऊ नकोस — काठ आहे — अगं तिथेच थांब — मागे, तुझ्या मा