शेवटी आलेलं ‘नॉट’

ता. ४ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.
तुझे व्हिडिओ पोचले. इंग्रजी वाक्प्रचार म्हणून दाखवतोस आणि आम्ही मोठ्याने म्हणावं म्हणून तोंड मिटून थांबतोस, तेव्हा वर्गावर रुसलेला मास्तर दिसतोस. मी वॉर्डातल्या चादरींच्या खोलीत दार लावून तुझ्यामागून म्हणते. बाकीच्या नर्सेसना वाटतं, माझं डोकं फिरलंय. पण इथल्या पेशंटचे मराठी न कळणारे नातेवाईक आता माझ्याशी इंग्रजीत बोलताना दुसरीला हाक मारत नाहीत. फोनवर मात्र अजून ततपप होतं. त्यावर काहीतरी पाठव.
वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
बडबडी

ता. ११ मार्च
चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.
नवा व्हिडिओ पाठवलाय. ‘आउट ऑफ द वुड्स’ म्हणजे जंगलातून सुटला, आपल्या भाषेत धोक्याबाहेर. आधी नुसता वाक्प्रचार घोकून घेतलाय, ‘नॉट’ लावायचं मागाहून दाखवलंय. तुझी वहिनी म्हणते, कॅमेऱ्यासमोर तरी हा माणूस हसतो.
जेवत जा वेळेवर. आठवण असू दे.
तुझा,
दादा

ता. २० मार्च
दादा,
नमस्कार लिहायचंही सुचत नाही. कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा गेले. मुलगा परगावी असतो. सकाळी मीच त्याला फोन केला. धोका टळलेला नाही, निघून या, असं सांगायचं होतं. घाईत तोंडून तुझा वाक्प्रचार तेवढा सुटला आणि ‘नॉट’ मी आपल्या ‘नाही’सारखं शेवटी लावलं. तोवर त्याने देवाचे आभार मानून फोन ठेवला होता. पुन्हा लावला, लागेना. मी मनाची समजूत घातली, की ऐकलं असेल, निघाला असेल. संध्याकाळी आजोबा गेले.
आता तो म्हणतो, सकाळी धोक्याबाहेर होते तर वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंनीच हलगर्जी केली. त्याने तक्रार केली आणि बाईंना घरी बसवलंय. खरं बोलले तर माझी नोकरी जाईल. गप्प बसले तर बाईंची. फार भीती वाटते रे.
तुझी

ता. २४ मार्च
चि. बडबडीस आशीर्वाद.
पत्र मिळालं. तो व्हिडिओ काढून टाकलाय. चूक शिकवणाऱ्याचीही आहे. पण बाईंवरचा आळ तुलाच उतरवावा लागेल. नोकरी गेली तर हे घर तुझंच आहे. वाक्प्रचारांच्या वाटेला जाऊ नकोस, साधं बोल, पण आता वेळ लावू नकोस.
आम्ही दोघं पाठीशी आहोत.
तुझा,
दादा

ता. ३० मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.
सांगितलं. मेट्रनबाईंच्या खोलीत, आजोबांच्या मुलासमोर. डॉक्टरीणबाई कामावर आल्या. माझं काय ते ठरायचंय.
वाटलं होतं, तो अंगावर येईल. त्याने एवढंच विचारलं, की त्या दिवशी वडिलांनी त्याची आठवण काढली का.
दादा, ते दिवसभर दाराकडे बघत होते. आणि मी त्यांची उशी नीट करत पुन्हा पुन्हा सांगत होते, की मुलगा निघालाय, पोचेलच इतक्यात.
तेही त्याला सांगितलं.
लोभ आहेच, तो आता जरा जास्त लागेल.
तुझी,
बडबडी