दारूखान्यातली भाकरी

मु. पो. गोळेगाव, ता. जुन्नर
(तारीख शेजारी विचारून मग घालतो.)

श्री. सयाजीराव यांस, मुक्काम बेल्हे,
हौशीरामाचा मनापासून रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? साळुबाईंचा खोकला थांबला का? मागच्या बाजारात घेतलेला बैल कामाला लागला का, की अजून खाली बसतो? इकडे गाय बरी आहे, आणि मीही बरा आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे डावा कान वाजतो, झोप लागत नाही आणि चुलीत जाळ नीट धरत नाही. तुम्ही आमच्या शेजारच्या बहिरूला बाजारात गाठून विचारलंत म्हणे, की ताई मुंबईला जाऊन बसली ती अजून कशी आली नाही, दाजींशी काही बोलाचाली झाली का. बहिरूनं ते इथं पारावर दहा माणसांत सांगितलं. म्हणून हे पत्र. बोलाचाली झालेली नाही. (ती व्हायला माणूस समोर तरी असावं लागतं.)

तुमची बहीण गेली ती आमच्या वृषालीच्या दुसऱ्या बाळंतपणाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाळ झालं, पाचवी झाली, बारसं झालं. बाळ पालथं पडलं, बसायला लागलं, आता म्हणे उंबरा ओलांडतं. बाळाची आजी मात्र उंबरा ओलांडून इकडे यायचं नाव घेत नाही. आमचे जावई दादाभाऊ मुंबईत लोखंडाच्या बाजारात माथाडी आहेत, आणि त्या भागाचं नाव आहे दारूखाना. एकदा देवळात कोणी विचारलं, प्रयागबाई कुठं असतात हल्ली, तर मी भोळेपणानं खरं ते सांगितलं. भजन थांबलं. त्यानंतर मी घरोघर सांगत फिरलो की तिथं पूर्वी बंदुकीची दारू ठेवत, आता मोडलेल्या जहाजांचं सामान विकतात, प्यायचं काही नाही. पण लोक पहिलं तेवढं ऐकतात.

बरं, मी बोलावलं नाही असंही नाही. भगवंताच्या दुकानातून फोन लावला. म्हटलं, कधी येतेस? तिनं बाळाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, आणि शेवटी स्पष्ट म्हणाली, "बरं, येते हं." मी घर सारवून घेतलं, डबे पुसले आणि दुसऱ्या दिवशी आळेफाट्याला जाऊन उभा राहिलो, कारण कल्याणहून नगरची गाडी धरली तर ती तिथंच उतरणार. नाशिकच्या गाड्या गेल्या, नगरच्या गेल्या. हॉटेलवाल्यानं आधी स्टूल दिलं, मग काढून घेतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला तर ही उलट माझ्यावरच, "आवो, फोन ठिवताना मानूस 'येते'च म्हनतं. 'जाते' म्हनू का काय, भरल्या घरात?" तेव्हा ठरवलं की आपणच जाऊन घेऊन यायचं.

माळशेज घाट उतरून गाडीनं परळला सोडलं. मला मुंबईची भीती अशी की तिथं माणूस माणसाला ओळखत नाही, असं ऐकलेलं. पण रस्ता ओलांडताना एक टॅक्सीवाला लांबूनच ओरडला, "ए घाटी, बाजू हो!" मला बरं वाटलं. एवढ्या गर्दीत त्यानं बरोबर ओळखलं की हा माळशेज घाटातून आला. मी त्याला रामरामही घातला. (दादाभाऊ म्हणतात की तसा अर्थ नसतो. नसो. आपण घाटावरचेच आहोत, यात रागवायचं काय?)

सयाजीराव, ही मुंबई काय आहे हे मी आयुष्यभर दुसऱ्यांकडून ऐकलं. आपल्या गावात ज्याच्या त्याच्या घरचं कोणी ना कोणी तिथं. यात्रेला येतात, पांढऱ्या चपला घालून मिरवतात, परत जातात. मला वाटायचं, तिथं असं काय आहे? समुद्र आहे म्हणावं तर खारट. हवा आहे म्हणावं तर घाणीची. पण दारूखान्यात उभा राहिलो आणि थोडं कळल्यासारखं झालं. तिथं मेलेली जहाजं आणतात. आपल्याकडे मेलेल्या जनावराचं कातडं तेवढं कामाचं. तिथं जहाजाचं काही म्हणता काही वाया जात नाही. एका दुकानात नुसत्या साखळ्या, एकात दोर, एकात गोल खिडक्या, एकात नुसत्या कपबश्या. एक माणूस फक्त जहाजाचे दिवे विकतो आणि त्यावर त्याची दोन पोरं शिकली. गिऱ्हाईक कुठून येतं देव जाणे, पण येतं. मला वाटलं, हे शहर आलेल्या प्रत्येकाला आणि प्रत्येक वस्तूला एकच विचारतं, तुझ्यात कामाचं काय आहे ते काढ. जात, गाव, वय नंतर. (वयही विचारत नाही, ही गोष्ट मला त्रासदायक वाटली, पण ते पुढे येतं.)

वृषालीचं घर सापडेना. मी "हौशीरामाची बायको कुठं राहते" असं विचारत होतो आणि लोक माझ्याकडे नुसते बघत होते. मग सोमाजी नावाचा म्हातारा माथाडी भेटला, आपल्याच आंबेगावच्या डोंगरातला. तो म्हणाला, "पावणं, भाकरीवाल्या मावशी का? मंग तसं इचारा की राव! तुमी कोन त्येंचे?" आणि सगळा बाजार मला रस्ता दाखवायला लागला. एक मद्रासी, एक भय्या, सगळ्यांना मावशी ठाऊक. प्रकार असा झाला होता की दादाभाऊंच्या डब्यातली भाकरी सोमाजीनं एकदा चाखली. हा माणूस तरुणपणापासून खानावळीत जेवलेला. तो म्हणाला, ही हातावर थापलेली आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन मागितल्या, मग चौघांनी मागितल्या. आता तुमची बहीण घराबाहेर चूल मांडून बसते, जहाजाच्या जाड पत्र्याचा तवा, जळणाला जहाजाची फळकुटं, आणि पुढे माणसं उभी. मोठमोठी माणसं, पाठीवर लोखंड वाहणारी, आणि "मावशी, माझी जरा करपू द्या" असं शाळेतल्या पोरांसारखं सांगतात. ती त्यांना रागावते. ते हसतात. मला पाहून म्हणाली, "आलात? बसा तिकडं, जाळाजवळ नगं." आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

आता जे घडलं ते कोणाला सांगू नका. (दादाभाऊंनी सगळ्यांना सांगितलं आहे, पण तरी.) दुसऱ्या दिवशी मी तिथं खुर्चीवर बसलो होतो, जहाजाच्या कप्तानाची खुर्ची, गोल फिरते. तुमची बहीण पिठाला आत गेली होती. एवढ्यात पालिकेची गाडी आली. साहेब उतरले आणि म्हणाले, "मालक कोण इथला?" मी टोपी नीट करून उठलो. म्हटलं, "मीच. का बरं?" ते म्हणाले, "कधीपासून?" मी म्हटलं, "पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वैशाखापासून." साहेबांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "आणि परवाना?" मला हसू आलं. म्हटलं, "साहेब, परवाना कशाला लागतो? गावासमक्ष झालंय सगळं. वाजंत्री होती, भटजी होते. तिच्या वडिलांनी हात जोडून दिली." साहेब म्हणाले, "कोणाच्या वडिलांनी? जागा?" मी म्हटलं, "जागा नाही हो, मुलगी!" (साक्षीदार म्हणून मी तुमचं नाव दिलं आहे. तुम्ही तेव्हा वऱ्हाडात नागडे पळत होतात, पण पाहिलं तर होतंत. काही कागद आला तर घाबरू नका.) त्यांनी तवा, परात आणि मला गाडीत घातलं. मला शेवटपर्यंत वाटत होतं की हे चहाला नेत आहेत.

कचेरीत बाकावर बसवलं. या वयात तुरुंगात गेलो तर गाईची धार कोण काढणार, हा एकच विचार. तेवढ्यात तुमची बहीण आली. मागे दादाभाऊ, सोमाजी आणि अर्धा लोखंड बाजार. पदर खोचलेला, हाताला पीठ तसंच. ती सरळ टेबलापाशी गेली. "सायेब, ह्ये मालक न्हाईत. ह्यांना यातलं काय बी ठावं न्हाई. ह्यांनी कंदी भाकरी थापली न्हाई, का कंदी चांगली झाली म्हनून सांगितलं न्हाई. धंदा माजा हाय. काय असंल त्ये माज्या नावावर लिवा." मी उठून म्हटलं, "अगं, मी तुझा मालक नाही?" तर साहेबच म्हणाले, "बाबा, सुटताय ना? मग गप सुटा." आणि त्यांनी तिचं नाव विचारलं. ती म्हणाली, "प्रयागबाई." साहेबांनी ते दोनदा विचारलं आणि तिनं दोन्ही वेळा नुसतं तेवढंच सांगितलं, पुढे माझं नाव लावलं नाही. चूल रस्त्यावर मांडायची नाही अशी ताकीद मिळाली. तवा गेला. पण संध्याकाळच्या आत सोमाजीनं दुसऱ्या एका जहाजाचा तवा कापून आणला आणि चूल दादाभाऊंच्या आतल्या पडवीत गेली. माणसं आता तिथं उभी राहतात. मुंबई अशी आहे. आपल्याकडे एक तवा गेला असता तर वर्षभर त्याचीच गोष्ट झाली असती.

मी एकटाच परत आलो. घाट चढताना सारखं एकच डोक्यात. चारचौघांत ती असं बोलली, ते मला सोडवायला बोलली हे मलाही समजतं. तिच्याविषयी तक्रार नाही. पण भाकरी चांगली झाली हे सांगायचं कशाला असतं? माणूस जेवतो, ताट निपटतो, उठतो, ते काय सांगणं नाही का? आपल्याकडे सगळे असंच करतात. तुम्ही तरी साळुबाईंना सांगता का? (सांगत असाल तर कळवा.) आणि तिथं ते दिवे विकणाऱ्याचं पोरगं सांगतं, मद्रासी त्याच्या भाषेत सांगतो. सोमाजी तर काही न बोलता नुसता डोळे मिटतो. मग बाईमाणूस तिथून उठेल कसं? मला वाटायचं शहर पैशानं माणसं ओढतं. पैसा असेलच, मी विचारला नाही. पण मला दिसलं ते एवढंच, की तिथं ती हाक मारल्याबरोबर वळून बघते, आणि हसते. इथं मी हाक मारली तर "काय हाय आता?" म्हणायची.

तेव्हा विनंती अशी की तुम्ही तिला पत्र लिहा. भावाचं ती ऐकते. लिहा की ताई, आता घरी जा, दाजींचे हाल होतात. थापायला घेतलेली भाकरी त्यांच्या हातात तुटते आणि मग ते गाईसमोर टाकतात, आणि गाय त्यांच्याकडे बघते. खोटं लिहू नका. पण तुम्ही थोडे आजारी पडलात तर चालेल. गुडघा आहेच.

सर्वांना रामराम, लहानांना आशीर्वाद, बैलाला कुरवाळा.

तुमचे दाजी,
हौशीराम

ता. क. — 'हाल' हा शब्द नको. मी खुशाल आहे असंच लिहा, पण असं लिहा की तिला शंका यावी.

ता. क. दुसरा — पत्र टाकायचं राहून गेलं. जुन्नरला पोस्टात तिकीट घ्यायला निघालो, तर स्टँडावर मुंबईची गाडी उभी होती, आणि माझ्याजवळ बाजरीचं अर्धं पोतं होतं. (पोस्टात जाताना पोतं कशाला, असं विचारू नका.) तर हे मी दारूखान्यातून लिहितो आहे. पाकिटावर मुंबईचा शिक्का पाहून गोंधळू नका. वर जे लिहायला सांगितलं ते लिहू नका, आणि आजारीही पडू नका. गाय बहिरूकडे बांधली आहे. तो तिला वेळेवर पाणी दाखवत नसणार. तिला टेम्पोनं तुमच्याकडे घेऊन जा, आणि टेम्पोवाल्याला बजावा की बाजारात उतरवायची नाही, घरी उतरवायची.

ता. क. तिसरा — आता खरं काम. आणलेली बाजरी संपत आली. इथलं दुकानातलं पीठ शिळं आणि कडू असतं, भाकरी कडेला चिरते, आणि चिरली की तुमच्या बहिणीचा सगळा दिवस खराब जातो. मला हे आधी माहीत नव्हतं. सध्या मी पीठ चाळतो, पाणी भरतो, सोमाजीशी बोलतो. परवा मद्रासी त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला तेव्हा त्याच्या मागोमाग मीही म्हटलं, की आज बरी झाली आहे. ती म्हणाली, "नुस्ती बरी?" पण तव्यावरची पुढची मला दिली. तर तुमच्याकडची नवी बाजरी दोन पोती पाठवा. काल तिनं विचारलं, तुम्ही परत कधी जाणार? मी म्हटलं, सयाजीची बाजरी आली की ती मोजून, निवडून, नीट लावून देतो आणि जातो. म्हणाली, बरं.

तेव्हा सयाजीराव, बाजरी जरूर पाठवा. पण घाई करू नका.