काही अडचण नाही

कृष्णपुरा, इंदूर
४ जून २०२५

चि. यामिनीस,
अ. उ. आ.

फोनवर तू हो आत्या, हो आत्या म्हणतेस आणि मागे लॅपटॉपची टकटक चालू असते, म्हणून कागदावर लिहिते आहे.

आपल्या गल्लीच्या टोकाचा सरकारी दवाखाना सोमवारपासून बंद झाला. दारावर नोटीस आहे, की सर्वेत नागरिकांची गरज आढळली नाही, सबब ही सेवा पाच किलोमीटरवरच्या मोठ्या केंद्रात हलवली आहे. गरज आढळली नाही म्हणजे काय? ती काय रस्त्यात पडलेली असते? तुझ्या काकांच्या पायाची जखम तुला ठाऊकच आहे. शुगरमुळे भरत नाही, दिवसाआड ड्रेसिंग लागते. प्रेमलता सिस्टर ते करून द्यायच्या आणि पंधरा मिनिटांत हे घरी येऊन चहा मागायचे. ड्रेसिंग चुकले तर बोट जाईल, असे डॉक्टरांनी बजावून ठेवले आहे. मंगळवारी मोठ्या केंद्रात गेलो, तर ई-रिक्षा अर्ध्या वाटेपर्यंतच. पुढे हे लंगडत चालले, मग टोकन घेऊन तीन तास बाकावर. उद्या पुन्हा ड्रेसिंग आहे, पण यांनी आजच जायला नकार दिला आहे.

विजय नगरच्या चकचकीत ऑफिसात तू असलेच सर्वे करतेस ना? ज्या शहाण्याने हे लिहिले त्याचे नाव मला कळव. त्याला आणून यांच्या पायापाशी बसवणार आहे.

जेवणाच्या वेळा सांभाळ. राग आहे म्हणून माया आटली असे समजू नये.

तुझी,
सुलोचना आत्या


विजय नगर, इंदूर
९ जून २०२५

ती. सौ. आत्यास,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

तो शहाणा मीच आहे. सर्वे आमच्या ऑफिसने केला आणि तुमच्या वॉर्डाचे पान मी लिहिले. माझ्यापुढे सदतीस दवाखान्यांची यादी होती, नुसते क्रमांक. त्यातला एक काकांचा आहे हे मला कळायला हवे होते. कळले नाही, याची लाज वाटते.

पण काल मूळ फॉर्म काढून बघितले आणि माझाही पारा चढला. तुमच्या गल्लीतल्या एकेचाळीस घरांनी एकाच उत्तरावर खूण केली आहे, की इलाजाला लांब जायला काही अडचण नाही. एका फॉर्मवर तर खाली मराठीत लिहिले आहे, सगळे उत्तम, आपले शहर नंबर एक. ते अक्षर मी लहानपणापासून ओळखते. काकांच्या पायाला पट्टी असताना तू हे लिहिलेस तरी कसे? आमचे साहेब सुजयजी त्याच ओळीवर बोट ठेवून म्हणाले, की जनता खुश है तो आप क्यों परेशान हैं.

मी हरकत नोंदवली आहे. या महिन्यात पुन्हा सर्वे होईल. नात्यामुळे मला तुमच्या गल्लीत येता येणार नाही. गल्लीला एवढेच सांग, की या वेळी खरे बोला. आणि तोवर काकांना काहीही करून ड्रेसिंगला ने.

रागावलीस तरी पाठीवरचा हात काढू नकोस.

तुझी,
यामिनी


कृष्णपुरा
१४ जून २०२५

चि. यामिनीस,
अ. उ. आ.

लिहिलेस कसे, म्हणून मला विचारतेस? गळ्यात ओळखपत्र घालून कुणी दारात आले की आपले शहर परीक्षेला बसले आहे, हे आम्हाला वर्षानुवर्षे पढवले आहे. वॉर्डातली माणसे घरोघर सांगून जातात, की भाभीजी, कोई पूछे तो सब बढ़िया बोलना, शहर की इज्जत का सवाल है. सफाईच्या सर्वेच्या वेळी आम्ही तसेच बोललो, नंबर आला, गल्लीत जलेबी वाटली. तुमच्या ऑफिसच्या सर्वेवाल्या मुलीलाही तेच सांगितले, वर पोहे खाऊ घातले. ती शहराला मार्क द्यायला आली नसून आमचा दवाखाना उचलायला आली आहे, हे तिच्या तोंडावर लिहिले होते का?

आणि तुझा प्रश्न तरी काय ग? पाच किलोमीटर जाऊ शकाल का, एवढेच. माणूस जाऊ शकतोच. मेल्यावरही चार जण नेतातच. कसा जाईल, कोण नेईल, हे विचारायला कागद कमी पडला? दादाने तुला एवढे अर्थशास्त्र शिकवले ते यासाठी?

गल्लीत सांगून आले. समोरच्या जयसिंगरावांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते ना, तो ताठा अजून आहे. म्हणाले, परक्या माणसापुढे शहराची बदनामी मी करणार नाही. मी म्हटले, मग शहरालाच सांगा तुमचे ब्लडप्रेशर मोजायला.

मधली तीन ड्रेसिंगे चुकली. जखमेजवळच्या दोन बोटांतले धाकटे काळे पडले आहे. वास येतो. मला भीती वाटते.

आत्याचा आशीर्वाद आहेच, आज तो थोडा आंबट आहे.

सुलोचना आत्या


विजय नगर
१८ जून २०२५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मीटिंगमध्ये वाचून दाखवले. चार जण नेतातच, या वाक्यावर कुणी हसले नाही. प्रश्न बदलून घेतला आहे. कसे जाता, कोण नेते, आणि न गेल्याने काही नुकसान झाले का. सुजयजी माझ्याशी बोलत नाहीत, न बोलोत. काकांना आजच मोठ्या हॉस्पिटलात दाखव, हे पत्र गाडीच्या ड्रायव्हरबरोबरच पाठवते आहे. चूक माझी आहे, ती पदरात घे.

यामिनी


कृष्णपुरा
२८ जून २०२५

चि. यामिनीस,
अ. उ. आ.

काकांचे बोट सोमवारी काढले हे तू जाणतेसच, हॉस्पिटलात तू होतीस. नंतरचे सांगते.

काल सर्वेवाली पलक नावाची मुलगी आली. आधी जयसिंगरावांकडे. ते दारातच उभे राहिले, मला वाटले हाकलतील. त्यांनी सांगितले, की तीन आठवडे गोळी घेतलेली नाही, कारण ती दवाखान्यात मिळायची आणि लांब जायला सोबत कुणी नाही. बायकोलाही त्यांनी हे सांगितले नव्हते. ती मागे उभी राहून ऐकत होती.

मग आमच्याकडे. यांचा प्रश्न आहे, यांनीच बोलावे, म्हणून मी तोंड शिवून बसले. मुलीने विचारले, की कैसे हैं अंकल. हे सवयीने म्हणाले, सब बढ़िया. पाय चादरीखाली होता. ती हातातल्या मोबाइलवर बटण दाबत पुढच्या प्रश्नाकडे वळली आणि मी मनातल्या मनात तुझ्यासकट सगळ्यांना शिव्या घातल्या. मग तिने तुझा नवा प्रश्न वाचला, की इलाज न मिळाल्याने काही नुकसान झाले का. यांनी माझ्याकडे बघितले. मग म्हणाले, हाँ.

आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाली. या माणसाने कधी आमटीत मीठ नाही असे म्हटलेले नाही. मुलगी पुढच्या घरी गेली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दवाखाना उघडायचा की नाही ते तुमचे लोक ठरवतील. ती खोटी ओळ मी लिहिली आणि तू मोजलीस, त्यात यांचे बोट गेले. हे आपण दोघींनी आयुष्यभर लक्षात ठेवायचे आहे. तुझ्यावरचा माझा जीव तसाच आहे. पण रिपोर्टात त्या एका ‘हाँ’ची सरासरी काढू नकोस.

तुझी,
सुलोचना आत्या